डमीची माघार

दाजींनी मेहुण्याचा दंड धरला तो निवडणूक कचेरीच्या जिन्यावर, आणि सोडला तो थेट अर्जांच्या टेबलापाशी. माघार घ्यायचा शेवटचा दिवस, आणि वेळ संपत आलेली.

मेहुणा म्हणजे डमी. दाजींचा विधानसभेचा अर्ज बाद झालाच, तर पक्षाकडे घरचं माणूस असावं म्हणून त्याचाही अर्ज भरून ठेवलेला. दाजींचा मंजूर झाला. आता याने माघार घेतली की दाजी मोकळे. पण डमी ऐनवेळी फिरतात, फोन बंद करतात, एकदम त्यांना जनतेचा कळवळा येतो, हे दाजींनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. तिकिटाची वाट बघण्यात त्यांचे डोक्यावरचे केस गेले होते. त्यामुळे सकाळपासून त्यांनी मेहुण्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. तो बाथरूमला गेला तेव्हाही बाहेरून "आहेस ना रे?" चाललेलं.

"दाजी, मी असलं काही कधी लिहिलेलं नाही," मेहुणा कोरा फॉर्म उलटासुलटा बघत म्हणाला. "चुकलं तर ताई जीव घेईल माझा."

"यात चुकण्यासारखं काय आहे?" दाजींनी दुसरा कोरा फॉर्म ओढला. घाईघाईने खरडायला घेतलं. "हे बघ. इथे नाव. मी माझं लिहून दाखवतो, तू तुझं लिही. इथे मतदारसंघ. खाली सही. संपलं."

सही मात्र त्यांनी झोकात केली. सवयच होती.

तेवढ्यात पक्षाच्या साहेबांचा फोन. आत रेंज नव्हती, दाजी व्हरांड्यात धावले.

"डमी गेला का?"

"जातोय साहेब. माझ्या डोळ्यांसमोर," दाजी भिंतीकडे बघत म्हणाले.

परत आले तर मेहुणा रुमालाने मान पुसत उभा. पेपर सोपा गेल्यासारखा चेहरा.

"दिला, दाजी."

"शाब्बास. काय काय लिहिलंस?"

"मी कशाला लिहितोय? तुमचा तयार होता ना, तोच दिला. माझं अक्षर तुम्हाला माहितीये."

टेबलावर मेहुण्याचा फॉर्म कोराच पडला होता. दाजींनी खुर्चीची पाठ धरली.

"बाई, तो नमुना होता हो," ते अधिकारीबाईंना म्हणाले. "याला दाखवायला लिहिलेला."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "नाव तुमचं. सही तुमची. आणून दिला तुमच्या सूचकाने. तुमच्या अर्जावर सूचक म्हणून यांचंच नाव आहे ना?"

"घरचा माणूस म्हणून घातलं."

"मग झालं. सूचकाने आणून दिलेला चालतो."

"बरं, मी माघार मागे घेतो. द्या तो कागद."

"माघार मागे घेता येत नाही." त्यांनी घड्याळाकडे बघून शिपायाला दार लावायची खूण केली, आणि मेहुण्याकडे वळल्या. "तुमचा अर्ज राहिला. तुम्ही आता उमेदवार."

मेहुणा पांढराफटक पडला. "दाजी, हे ताईला कोण सांगणार?"

बाहेर बातमी अर्धीच पोचली होती. घरातल्या एकाने माघार घेतली, एवढंच. कार्यकर्त्यांना तेवढं पुरे होतं. दाजी दारात दिसले मात्र, चौघांनी त्यांना खांद्यावर घेतलं. गळ्यात हार पडला, घोषणा सुरू झाल्या. दाजींच्या चपला पायातून गळाल्या. त्या उचलून, छातीशी धरून, मेहुणा घोळक्यामागून धावत होता.

"दाजी, उद्या भाषणात मी काय बोलू?"

"मला खाली उतरवा," दाजी ओरडत होते. "अरे, उतरवा मला."

"लाजतायत," खालून कोणीतरी म्हणालं, आणि त्यांना आणखी उंच उचललं.