नव्या पनवेलची चिंच

१९८३च्या मे महिन्यात सरकारी पाहणीसाठी आलेली सुचित्रा नव्या वसाहतीतल्या मोकळ्या जागांना गुण देत होती. बागेत हिरवळ, बाकं, कारंजं सगळं होतं, फक्त माणसं नव्हती. माणसं होती मागच्या चिंचेखाली. बायका भाजी निवडत होत्या. नकाशात तिथं दुकानं होती, म्हणजे चिंच तुटणार. "माज्या शेताच्या बांधावरची हाय," वसाहतीत जमीन गेलेल्या गावातल्या यशोदाबाई म्हणाल्या. "हिला किती मार्क देनार?" तक्त्यात झाडाला रकानाच नव्हता. सुचित्राने रेघ मारून नवा रकाना केला आणि पैकीच्या पैकी गुण दिले. तक्ता बघून तिच्या कचेरीतले साहेब भडकले. "तक्ता बदलायचा अधिकार कोणी दिला?" "सर, भरदुपारी एकदा येऊन बघा." साहेब आले. बागेतल्या तापलेल्या बाकावर त्यांना पाच मिनिटंही बसवलं नाही. तेही चिंचेखाली आले, यशोदाबाईंनी सरकून जागा दिली. पुढच्या वर्षी दुकानं झाली, ती बागेच्या जागेवर.