गाणं बंद असताना

मुलीला सरळ विचारावं तर नकार ऐकायची भीती. न विचारता तिचं मन कळलं, तर होकारही पदरात आणि बापाचा मानही शाबूत. दोन्हीकडून फायदाच, असा हिशेब मांडून बाबूरावांनी हेडफोन कानांवर चढवला. गाणं मात्र लावलं नाही.

हेडफोन अस्मितानंच आणलेला, सोलापूरच्या नोकरीतल्या पहिल्या पगारातून. कान पुरते झाकणारा, जाड गादीचा. आतलं गाणं बाहेर जात नाही आणि गाणं लागलं की घरात काय चाललंय ते आत येत नाही. तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाबूरावांना त्याचा खरा उपयोग महिन्याभरात कळला. हेडफोनवाल्या माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात. गाणं बंद ठेवून जरा कान दिला की सगळं ऐकू येतं.

गरजही तशीच होती. जुना मित्र महारुद्र, त्याचा मुलगा गुरुप्रसाद. एका लग्नाच्या पंगतीत, चारचौघांसमोर, बाबूराव अस्मिताचा शब्द परस्पर देऊन बसले होते. रोज सकाळी दिवाणावर पडून नाट्यगीतं ऐकताना त्यांच्या मनात तेच घोळे : अस्मी नाही म्हणाली तर महारुद्रला कुठल्या तोंडानं भेटू? त्यापेक्षा भवानीआईनं मला उचललेलं बरं.

त्या संध्याकाळी ते डोळे मिटून गप्प पडले होते. अनसूयाबाईंनी लेकीला हळूच विचारलं. शेंगा सोलता सोलता अस्मिता म्हणाली, "आई, मला स्थळ पसंत आहे. बाबांनी पाहिलंय म्हणजे चांगलंच असणार."

बाबूराव मिटल्या डोळ्यांनीच हसले. दुसऱ्या दिवशी तारीख धरली.

साखरपुड्याच्या सकाळी ते निर्धास्त गाणं ऐकत होते. महारुद्रच्या बायकोला द्यायची साडी जरा हलकीच झाली, एवढंच काय ते मनात येऊन गेलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या एका कानावरची वाटी उचलली. शेजारच्या गजराबाई. दोन महिने लेकीकडं अणदूरला राहून कालच परतल्या होत्या.

"आवो बाबूराव, किती वरडताव! पार गल्लीच्या टोकाला ऐकू येतंय."

"बाहेर येतंय? गाणं?"

"गाणं कशाचं, तुमी! मोठमोठ्यानं गाताव, मधीच सवताशी बोलताव. साडी हलकी हाय तर बदला की, बोंबलून कशाला सांगताव?"

बाबूरावांनी हेडफोन काढला. अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." त्या खाली बघत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुम्हाला कधी गाताना ऐकलं नव्हतं. अस्मी म्हणाली, सांगू नको, लाजतील."

"आणि मी गप्प असलो की?"

"की गाणं बंद. कळायचं आम्हाला."

बाबूरावांना शेंगा सोलतानाची ती संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी ते गप्प होते. आणि त्याआधी रोज सकाळी, भवानीआईचं नाव घेऊन, ते मोठ्यानं काय काय बोलले होते?

ते तसेच आतल्या खोलीत गेले. अस्मिता हिरव्या बांगड्या चढवत होती.

"अस्मी, खरं सांग. तुला हे स्थळ पसंत आहे?"

तिनं आधी त्यांच्या कानांकडं पाहिलं. मग हसली.

"बाबा, मला स्थळ पसंत आहे. तुम्ही पाहिलंय म्हणजे चांगलंच असणार."

दारात महारुद्रच्या गाडीचा हॉर्न वाजला.

बाबूरावांचा शब्द राहिला. महारुद्रचा मान राहिला. भरलं सगळं अस्मितानं, हेडफोनच्या पैशांसकट.