आठ बाय आठचं घर

प्रेमानंदनं हौसेनं जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटरला बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा यायची, पण मराठी येत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी कूलरसमोर बसून तो स्वतःच अक्षरं घडवत होता. एका अक्षराला आठ बाय आठ चौकटींचं एक घर. त्यातच ठिपके भरून अख्खं अक्षर बसवायचं.

एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन, त्यावरचा मेसेज वाचत गालात हसत त्याची बायको रोशनी आली, तर स्क्रीनवर भलंमोठं 'पायल'.

"हे पायल कोण व्हय?"

"कोणीच नाही वं. साधे अक्षरं आहेत, घरात लवकर बसते."

"अन् माहं नाव?"

"तुह्या नावातला 'श' घरात बसूनच नाही राहिला."

"वा! पायल घरात बसते, अन् घरवालीच बसत नाही?" रोशनीनं कप टेबलावर आपटला. "काही सांगू नका मले. आत्ताच्या आत्ता लिहा. मी पाहून राहिली."

प्रेमानंदनं निमूटपणे बटणं दाबली. स्क्रीनवर 'रो' उमटलं. रोशनीचा राग जरा उतरला.

मग 'रो'च्या पुढे 'हित' आलं.

"याच्यातल्या 'ह'नं मले लय तरास देल्ला," स्क्रीनवरची नजर न काढता प्रेमानंद म्हणाला. "पण पाह्य, कसा बसला आपल्या घरात."

रोशनीनं मेसेज उघडा असलेला हातातला मोबाईल हळूच पालथा केला.

पायल कोण, हे तिनं परत विचारलं नाही.