पान्हा

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट समजावत होते आणि कुमुदने ओला ब्लाउज लपवायला पदर घट्ट ओढून घेतला होता.

"भास थांबवणारी ही गोळी डोपामाइन दाबते. मग दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं. तुमचं बरंच वाढलंय. गोळी बदलू."

पन्नाशीला टेकल्यावर दूध. लाज वाटायला हवी होती, पण ती कोमट ओल कुमुदला ओळखीची वाटली. शेजारी बसलेली लेक वैजू तीन महिन्यांची असताना हे भासांचं दुखणं आलं आणि सासूबाईंनी बाळ नणंदेकडे नेलं. पुढे कितीतरी दुपारी शेजारचं मूल रडलं, की कुमुदला पान्हा फुटायचा.

बाहेर आल्यावर वैजू म्हणाली, "आजी तर सांगायची, तुला दूधच नव्हतं."

"होतं गं. वाटीत पिळून कढीलिंबाच्या मुळाशी घालायचे. पायदळी जाऊ नये म्हणून."

कुमुदने जुनं काही सांगितलं, की घरात सगळे एकच विचारायचे, "गोळी घेतलीस ना?" वैजूसुद्धा. कुमुद त्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

वैजूने आपली ओढणी आईच्या खांद्यांवरून पुढे घेतली.

"खूप यायचं?" तिने विचारलं.