हसायचा सिनेमा

कुणी नावही न ऐकलेले ऑस्ट्रेलियन सिनेमे मोबाईलवर हुडकून काढायचे, हा अकरावीतल्या सोनमचा भारी नाद. आणि रोहिणीवहिनीला शेजारी बसवून, गोष्ट सांगत सांगत ते बघायचे, हा त्याहून भारी. वहिनीला माहेरी पळसदेवला जायचं होतं. भवानीनगरहून एसटीनं तासाभराची वाट, पण सासूबाईंनी बजावलेलं, "आमच्यात माहेरचा मुराळी न्यायला आल्याबिगर सून जात न्हाय." आणि न्यायला यायचा तो भाऊ ऊसतोडीत अडकलेला. दिवाळीपासून नुसतं आज-उद्या चाललं होतं.

सोनमनं आधी थरारपट लावला. माळरानावरच्या एकाकी घरात नवरा बायकोला कोंडून ठेवतो, तेव्हा सोनमनं उशीत तोंडच खुपसलं. वहिनी मात्र निवांत शेंगा सोलत म्हणाली, "भ्यायचं काय त्यात? जेवायला घालतोय की तिला."

"वहिनी, तुमी म्हंजे ना, दगड हाय दगड!" म्हणत सोनमनं मग हसायचा सिनेमा लावला. त्यातल्या नायिकेला आईला भेटावंसं वाटलं, तशी खटारा गाडीत कुत्र्याला घालून बाई निघालीच समुद्राच्या कडेकडेनं. वाटेत टोपी उडाली, कुत्र्यानं कुणाचं तरी आईस्क्रीम लाटलं, आणि हसून हसून सोनमची मुरकुंडी वळली. शेजारी बघते तर वहिनीच्या डोळ्यांतून धारा.

"अवो वहिनी, ह्यो विनोदी हाय!"

वहिनीनं ओढणीनं डोळे पुसले आणि दाराकडं बघत हळूच विचारलं,



"सोनमताई, हिला न्यायला कुणीच आलं न्हाय... तरी गेली व्हय ही?"