बाकी तीनशे एकोणसाठ

"ही संख्या कशाने फुटते बघ. रोज एका मूळ संख्येने भाग. बाकी शून्य आली, तर भागाकारही तसाच फोड. अर्धवट सोडू नकोस," असं वचन घेऊन अण्णा गेले, आणि ती दहा आकडी संख्या लेकीच्या गळ्यात पडली. अकरा वर्षं ती आंघोळीनंतर वही उघडायची. आज भावाने ती संख्या मोबाइलमध्ये घातली. "ताई, सहाशे एकेचाळीसने भाग जातो की." "कसा जाईल? ते गणित अण्णांनीच केलंय." तिने त्यांची वही काढली. वजाबाकीत हातचा विसरून अण्णांनी बाकी तीनशे एकोणसाठ लिहिली होती. "हातच्यासाठी मला छड्या मारल्या, आणि स्वतः? अकरा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी." "सुटलीस एकदाची." "कुठली सुटतेय?" तणतणत तिने अण्णांची बाकी खोडली, शून्य लिहिलं. मग मुकाट पेन्सिलीला टोक करून भागाकार फोडायला घेतला.