पहिली एसटी

एसटीला हार घालून झाल्यावर लोकांनी दुसरा हार सोनबाच्या गळ्यात घातला.

अठ्ठावीस उंबऱ्यांच्या त्या वाडीला सरकार रस्ता देत नव्हतं. सरकारी नियमाला माणसं फार कमी भरत होती. शेवटी वाडीनंच रस्ता खणायला घेतला, तेव्हा आपल्या शेतातून वाट द्यायला सोनबानं साफ नकार दिला. "माझी काजूची झाडं जातील," म्हणाला. काम तिथंच अडलं. त्याच पावसाळ्यात त्याच्या लेकीला साप चावला. पायवाटेनं झोळीतून डोंगर उतरवताना पोर वाटेतच गेली. त्यानंतर सोनबानं स्वतःच्या हातानं झाडं तोडली आणि रस्त्याला जमीन सोडली.

आता त्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या. तेवढ्यात त्याची बायको तारामती गाठोडं घेऊन एसटीत चढली.

तो खिडकीशी धावला. "माहेरी निघालीस? बोलली नाहीस ती! परत कधी येशील?"

"येणार नाही. पोर गेली तेव्हाच जायचं होतं," ती शांतपणे म्हणाली, "पण डोंगर उतरायचं बळ पायांत नव्हतं. आता तुम्ही एसटी आणलीत."

कंडक्टरनं घंटी वाजवली. लोकांनी सोनबाच्या नावाचा जयजयकार केला.